अनुदान आणि व्यासपीठ



कोलंबिया विद्यापीठाचे नाव बडोद्याच्या मराठी श्रोत्यांना परके नाही. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला गेले ते याच विद्यापीठात. पैसा संस्थानचा, म्हणजे शेवटी रयतेचा होता. त्याच्या मोबदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचे बंधन करारात होते. सार्वजनिक पैसा खाजगी विद्यापीठाकडे जाताना त्याला कोणती अट जोडावी, हा प्रश्न पुढे त्याच विद्यापीठाच्या संदर्भात फार निराळ्या रूपाने उभा राहिला.

२४ सप्टेंबर २००७ रोजी इराणचे तत्कालीन अध्यक्ष महमूद अहमदीनेजाद यांना कोलंबियाने व्याख्यानासाठी बोलावले. ज्यूंच्या संहाराविषयी शंका घेणाऱ्या या गृहस्थांचा परिचय करून देताना विद्यापीठाचे अध्यक्ष ली बोलिंजर यांनी त्यांना तोंडावर क्षुद्र आणि क्रूर हुकूमशहाच्या पंक्तीला बसवले. पाहुण्याची अशी संभावना आपल्याकडील कोणत्याही व्याख्यानमालेत झाली नसेल! पुढे आपल्या देशात समलिंगी माणसेच नाहीत असे पाहुण्यांनी सांगितले तेव्हा सभागृह हसले. परंतु बाहेर संताप होता. डंकन हंटर या लोकप्रतिनिधीने विद्यापीठाचा संघीय निधीच बंद करावा अशी मागणी केली. लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रशिक्षणाला आवारात जागा न देणारे विद्यापीठ इराणच्या अध्यक्षाला व्यासपीठ देते, याचा सल त्यामागे होता.

या मागणीत सामान्य माणसाला पटेल असे बरेच होते. कोलंबियाचा स्थायी निधी त्या वेळी सुमारे ७ अब्ज डॉलरांचा होता. हार्वर्डचा तर आज ५० अब्जांहून अधिक आहे. एवढ्या धनाढ्य संस्थेला करदात्याने पैसे का द्यावेत? पण हा पैसा बहुतांशी देणगी नसतो. कर्करोगावरील अमुक प्रयोग, अमुक वर्षांत, अमुक खर्चात, असा तो ठरलेल्या कामाचा मोबदला असतो. प्रस्ताव तज्ज्ञांकडून तपासले जातात आणि मगच ते मंजूर होतात. तो थांबवला तर निमंत्रण देणाऱ्याचे काहीच बिघडत नाही, प्रयोगशाळेतील मदतनीस मात्र घरी बसतो. स्थायी निधीतूनही वाटेल तेव्हा वाटेल तेवढी उचल करता येत नाही, कारण त्याचा मोठा भाग देणगीदारांच्या अटींनी बांधलेला असतो. अर्थात विद्यापीठांची बाजूही सर्वस्वी निर्मळ नाही. प्रकल्पाच्या खर्चावर इमारती, वीज, कार्यालय यांसाठी जादा टक्केवारी मिळते, आणि ती छपरे व्याख्यानांवरही असतात. शिवाय करसवलती आहेतच. श्रीमंतीविषयीच तक्रार असेल तर तिचा इलाज करकायद्यात आहे. अमेरिकेने २०१७ साली मोठ्या स्थायी निधींच्या उत्पन्नावर १.४ टक्के कर बसवला आणि २०२५ साली तो सर्वांत श्रीमंत संस्थांसाठी ८ टक्क्यांपर्यंत नेला. हा कर वाजवी की जाचक, यावर वाद घालता येईल. पण पाहुण्यांची यादी बघून तो आकारला जात नाही.

अटींचा प्रश्न याहून नाजूक आहे. पैसे घेणाऱ्याने काही अटी पाळाव्यात हे तत्त्व तिथे मान्य झालेले आहे. लष्करभरतीच्या अधिकाऱ्यांना आवारात येऊ न देणाऱ्या विद्यापीठांचा निधी रोखणारा कायदा २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने उचलून धरला. मात्र ही अट संस्थेच्या वर्तनावर आहे, वाणीवर नाही, असे न्यायालयाने आवर्जून म्हटले. भेद बारीक असला तरी सारे त्यावरच तोलले आहे.

तो भेद पुसला की काय होते, ते २०१९ साली दिसले. २००७ मध्ये नको असलेल्या वक्त्याला बोलावले म्हणून निधी तोडा, अशी हाक होती. मार्च २०१९ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशाचा रोख नेमका उलट होता. उजव्या विचारांच्या वक्त्यांना आवारात बोलू दिले जात नाही या तक्रारींच्या पार्श्वभूमीवर त्यांनी संशोधनाचा निधी मुक्त विचाराच्या पालनाशी जोडला. काठी तीच राहिली, फक्त दिशा बदलली.

२०२५ साली वाद वक्त्यांवरून निदर्शनांवर आणि ज्यूविरोधाच्या आरोपांवर आला. मार्चमध्ये कोलंबियाची सुमारे ४० कोटी डॉलरांची अनुदाने रद्द झाली. जुलैत विद्यापीठाने समझोता केला. तीन वर्षांत २० कोटी आणि वेगळ्या तक्रारींपोटी २.१ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले, तेव्हा बहुतेक अनुदाने परत सुरू झाली. ज्यू विद्यार्थ्यांना छळ सोसावा लागला असेल तर त्याची दाद लागलीच पाहिजे. परंतु १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने निधी थांबवण्यापूर्वी सूचना व सुनावणीची वाट घालून दिली आहे. हार्वर्डच्या २ अब्ज डॉलरांहून अधिक निधीच्या प्रकरणात ती सोडली गेली, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरही आघात झाला, असा निर्णय सप्टेंबर २०२५ मध्ये बॉस्टनच्या न्यायालयाने दिला. त्यावर सरकारने अपील केले.

हार्वर्ड न्यायालयात जाऊ शकले, कारण त्याच्या पाठीशी अब्जावधी डॉलर होते. अनुदानाचा हप्ता अडला की जिथे ग्रंथपालाचा पगार अडतो, अशा संस्थेला पुढच्या वर्षीच्या वक्त्यांची नावे ठरवताना कोणाच्या दाराशी जाता येईल?