वर्धा ते सॅन फ्रान्सिस्को : किती घंटे?



सकाळपासून सात-आठ जणांनी मला एकच विचारलं, "किती घंटे लागते वं यायले?" माइक हातात आलाच आहे, तर सगळ्यांना एकदमच सांगते.

भूगोलाच्या बाईंनी एकदा पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखवला होता, आठवतं? नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को असा दोरा ताणला, तर तो तिबेट, मंगोलिया, सायबेरिया करत अलास्कावरून खाली उतरतो. अंतर सुमारे १३,१०० किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून गेलात, तर दोनेक हजार किलोमीटर जास्त पडतील. ताशी ९०० किलोमीटर धरले, तर दोऱ्याच्या वाटेने साडेचौदा तास. पण असं विमान नागपुराहून नाही.

शिवाय वारा हिशेब बिघडवतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढलं, तरी वारा पाठीशी असल्यामुळे वेळ जवळपास दोन तासांनी कमी झाला. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरूला उत्तर ध्रुवावरून विमान आणलं, तेव्हा मी एकटीच घरात टाळ्या वाजवल्या होत्या.

हे झालं विमानाचं. माझं उत्तर वेगळं आहे.

२०१९च्या जानेवारीत बाबांना सेवाग्रामला भरती केलं. फोन आला तेव्हा माझ्याकडे दुपारचे दोन आणि इथे पहाटेचे साडेतीन. तिकीट रात्रीचं मिळालं. पुढे दिल्लीच्या धुक्यात नागपूरचं विमान अडकलं. फोन ठेवल्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत ४१ तास. त्यातले हवेत अठराच; बाकीचे रांगांत आणि बाकड्यांवर.

आपल्या वर्गातला एक जण मात्र थंडीत स्कूटर काढून वीस मिनिटांत पोचला होता. त्याचं नाव घेत नाही, मागे बसून खाली मान घातलीच आहे त्याने. बाबांनी त्याला विचारलं, "पोट्टी निघाली का?" तो म्हणाला, "निघाली, काका." तेव्हा मी अजून तिकीटच शोधत होते. मी पोचले तोवर बाबा व्हेंटिलेटरवर होते. तिसऱ्या दिवशी गेले. माझ्याशी बोलणं झालं नाही. पण मी निघाले आहे, हे त्यांना माहीत होतं. हे खोटं बोलल्याबद्दल मी त्याचे आभार कधी मानले नव्हते, ते आज मानते.

आपल्यातले बरेच जण पुण्यात, बंगळूरूत, परदेशात आहेत, आणि आईवडील इथे. जेवणाच्या मंडपात एक वही ठेवली आहे. बाहेर राहणाऱ्यांनी घरचा पत्ता लिहा. वर्ध्यात राहणाऱ्यांनी, जमत असेल तर, त्यापुढे आपला नंबर लिहा. पहिल्या पानावर माझ्या आईचा पत्ता आहे, आणि त्यापुढे एक नंबर आधीच लिहिलेला आहे.