भाऊसाहेब, सदृश म्हणजे काय?



तीसेक वर्षं तहसील कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला आकाशवाणीनं शब्दांवर बोलायला बोलावलं, याचं माझं मलाच नवल वाटतंय. शब्दांचे जाणकार म्हणजे प्राध्यापक मंडळी. आम्ही शब्दांवर शिक्के मारणारे. पण शिक्का मारायचा म्हटला तरी कागद वाचावा लागतो, आणि टेबलापलीकडचा माणूस त्याचा अर्थ विचारतो. ही पंचाईत प्राध्यापकांना नसते.

असेच एकदा एक म्हातारे गृहस्थ आले. पिशवीतून सातबाऱ्याचा उतारा काढला. घडी घालून घालून कागद घड्यांवरच विरला होता. म्हणाले, "भाऊसाहेब, यात मालक कुठं लिवलाय?" मी त्यांच्या नावावर बोट ठेवलं. "नाव हाय हो. पर मालक कुठं हाय?" मी रकान्याचं शीर्षक वाचून दाखवलं: भोगवटादार. त्यांनी तो शब्द दोनदा पुटपुटला आणि विचारलं, "म्हंजी भोगतोय त्यो, असंच ना?"

भोगवटा म्हणजे ताबा आणि वहिवाट, हे मी त्यांना समजावलं. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातात जमीन कोणाकडे, बारात पीक कोणतं. हा मुळात शेतसारा वसुलीसाठी ठेवलेला दप्तराचा कागद. त्यातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरतात, एवढंच 1966 चा जमीन महसूल कायदा सांगतो. मालकीचा वाद उभा राहिला तर तो दिवाणी कोर्टातच. म्हाताऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तेच म्हनलं मी. भोगतोय त्यो." शब्दकोशाच्या हिशेबानं त्यांचं काही चुकलं नव्हतं.

आता जमिनीचा विषय निघालाच आहे तर राजीनाम्याचं सांगतो. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये जुनी दप्तरं होती, लाल फडक्यात बांधलेली. पूर्वीच्या मुंबई इलाख्यात ज्याला जमीन सोडायची त्यानं सरकारला राजीनामा लिहून द्यायचा आणि ज्याला ती घ्यायची त्यानं कबुलायत. राजी अधिक नामा. मी राजीखुशीनं सोडतो आहे, असं लिहिलेला कागद. फारसीत तो नुसता संमतीचा कागद, आणि हिंदीत आजही राजीनामा म्हणजे दोन भांडणाऱ्यांतला समेट. पद सोडायला त्यांच्याकडे इस्तीफा. मराठीत मात्र हा शब्द शेताच्या बांधावरून उठला आणि थेट मंत्र्याच्या दालनात जाऊन बसला. आता बातम्यांत काय ऐकतो आपण? राजीनामा मागितला. राजीनामा घेतला. अमुक वाजेपर्यंत राजीनामा द्या, असं फर्मावलं. मागून घेतलेली राजीखुशी ही मराठीनं जगाला दिलेली देणगी म्हणायला हरकत नाही.

शब्द असे घरं बदलतात. जिल्हा हा मूळ अरबी शब्द, त्याचा अर्थ बरगडी, कूस, बाजू. तहसील म्हणजे गोळा करणं. तेव्हा तहसीलदार हा मुळात वसुली कारकून, आणि मार्चअखेरीला तो तसाच वागतो. रयत हा शब्दही अरबी, चरायला सोडलेल्या कळपावरून आलेला. राजा राखणदार आणि आपण मेंढरं. भाऊराव पाटलांनी 1919 साली शिक्षणसंस्था काढली तेव्हा नेमका हाच शब्द उचलला, आणि आज महाराष्ट्रात रयत म्हटलं की कोणाला कळप आठवत नाही, शाळा आठवते. सरकारी शब्दाचं इतकं भलं दुसऱ्या कोणी केल्याचं माझ्या तरी माहितीत नाही.

सरकारी शब्द बदलायचा खटाटोप आपल्याकडे जुना आहे. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला. सुमारे 1400 फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबिराचा सुमंत, सुरनिसाचा सचिव. महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1962 मध्ये शासनाचा पदनाम कोश आला, तेव्हा विनोदी लेखकांची चंगळ झाली. पदनाम की बदनाम, अशी थट्टा झाली. मला ती सगळी पटत नाही. महापौर हा शब्द सावरकरांनी घडवला तेव्हा तोही कोणाच्या कानाला खटकला असेलच. आज खटकत नाही. पण गावाचं स्वतःचं एक पदनाम असतं, तिकडे कोश पोचत नाही. कागदावर तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाला आणि ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी. त्यातला सेवक गेला, हे लक्षात घ्या. गाव मात्र अजून भाऊसाहेबच म्हणतं, आणि तहसीलदार कोणीही येवो, तो रावसाहेब.

मुंबईत तर एक अख्खी इमारतच शब्दावरून ओळखता येते. मंत्रालयाचं जुनं नाव सचिवालय. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ते बदललं. त्याच भिंती, तेच जिने. सचिवांचं घर होतं, मंत्र्यांचं झालं. आत फाइल कोणाच्या टेबलावर जास्त दिवस राहते, तो विषय आजच्या वेळेत बसणार नाही.

ज्या शब्दासाठी मी आज आलोय, तो म्हणजे सदृश.

आमचा तालुका कायम दुष्काळी. पीक किती आलं हे ठरवायची जुनी रीत म्हणजे आणेवारी. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. 1957 साली दशमान नाणी आली आणि कागदावर आणेवारीची पैसेवारी झाली. शेतकरी अजून आणेवारीच म्हणतो. पैसेवारी 50 पैशांच्या आत आली की गाव टंचाईत. मग जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीपंपाच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, लागेल तिथं टँकर. त्यामुळे 49 पैसे आणि 51 पैसे यांत दोन पैशांचं अंतर आहे असं ज्याला वाटतं, त्यानं पैसेवारी जाहीर होते त्या दिवशी कचेरीत येऊन बसावं.

तर 2015 च्या खरिपात पाऊस गेला. ऑक्टोबरात आदेश आला: दुष्काळसदृश परिस्थिती. मी तो नोटीस बोर्डावर टाचणीनं लावत होतो. मागं माणसं उभी होती. त्यातल्या एका पोरानं मोठ्यानं वाचलं, आणि एका बाईनं मला विचारलं, "भाऊसाहेब, सदृश म्हणजे काय?" मी सांगितलं, सारखा. दुष्काळासारखी. ती म्हणाली, "सारखी? मग हितं दुसरं काय पडलंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. डोक्यावर रिकामी घागर घेऊन ती आली होती, टँकरची चौकशी करायला.

हा प्रश्न तिच्यापुरता राहिला नाही. दुष्काळाचा विषय मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि 2016 च्या मे महिन्यात शासनानं 29 हजारांहून अधिक गावांसाठी सदृश काढून सरळ दुष्काळ केला. मे महिन्यात, म्हणजे पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर. पीक गेलं होतं ऑक्टोबरात. तीन अक्षरं खोडायला सात महिने लागले. बरं, शब्द चिवट. 2018 च्या ऑक्टोबरात 23 तारखेला 180 तालुक्यांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली आणि महिनाअखेर 151 तालुक्यांत दुष्काळ. उरलेल्या तालुक्यांतल्या लोकांनी सदृशचा अर्थ स्वतःच काढला असेल. अतिवृष्टी झाली की लोक ओला दुष्काळ जाहीर करा म्हणतात, तर तो शब्द नियमांच्या पुस्तकात नाही, असं उत्तर मिळतं. शेतातलं पाणी काही पुस्तक वाचून शिरत नाही.

असेच तीन शब्द 2017 च्या जूनमध्ये एका दमात आले: सरसकट, तत्त्वतः आणि निकष. शेतकरी संपावर गेले होते, आणि सरसकट कर्जमाफी तत्त्वतः मान्य झाली, निकष नंतर ठरणार होते. सरसकट म्हणजे सगळ्यांना. निकष म्हणजे सगळ्यांना नाही. आणि मधला तत्त्वतः या दोघांची सोयरीक जमवून देणारा मध्यस्थ. फाइलीवर तत्त्वतः मान्यता हा शब्द चुकीचा नसतो. हरकत नाही, पण पैसा, जागा, मंजुरी हे सगळं पुढं, एवढाच त्याचा अर्थ. कचेरीत तो आम्हाला कळतो. चावडीवर त्यातलं मान्य एवढंच ऐकू जातं. निकष आले तेव्हा दीड लाखाची मर्यादा आली, आणि ऑनलाइन अर्जाच्या रांगेत उभं राहून लोकांना तत्त्वाचा उलगडा झाला. पुढं 2019 च्या योजनेच्या नावात माफीच्या जागी मुक्ती आली. हा बदल मला आवडला. माफी द्यायची तर आधी गुन्हा लागतो.

आता पत्रकार मित्रांची एक तक्रार करतो, त्यांनी रागावू नये. शासन निर्णय निघाला तरी अध्यादेश, अधिसूचना निघाली तरी अध्यादेश, साधं परिपत्रक निघालं तरी अध्यादेश. अध्यादेश ही मोठी वस्तू आहे. विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना राज्यपाल काढतात, त्याला कायद्याचं बळ असतं, आणि अधिवेशन भरल्यापासून सहा आठवड्यांत सभागृहांनी मान्य केला नाही तर तो संपतो. शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर, हा खात्याचा आदेश. त्याच्या शेवटी महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने, अशी ओळ असते, तिथंच गफलत होत असावी. 2024 च्या जानेवारीत वाशीला मराठा आरक्षणाच्या आंदोलकांच्या हाती जो कागद पडला, तो अधिसूचनेचा मसुदा होता. त्यावर 16 फेब्रुवारीपर्यंत हरकती मागवल्या होत्या. त्या दिवशी पडद्यावर दिवसभर अध्यादेश हाच शब्द फिरत होता. लोक गुलाल उधळत घरी गेले. मसुद्याला गुलाल लागत नाही असं माझं म्हणणं नाही, पण कोणता कागद हाती आहे हे आधी माहीत असलेलं बरं. आमच्या कचेरीत दुसऱ्या दिवशी एक जण तो छापून घेऊन आला, दाखला आजच द्या म्हणून. मी त्याला मथळ्यातला मसुदा हा शब्द दाखवला. तो म्हणाला, "टीव्हीवाले खोटं बोलतील का?"

वेळ संपत आली आहे, एक घरचं सांगतो. माझी पुतणी अंगणवाडी सेविका आहे. सकाळी पोरं गोळा करायची, वजनं घ्यायची, आहार वाटायचा, मोबाइलमध्ये माहिती भरायची, आणि मधे कुठलं सर्वेक्षण आलं तर तेही. तिला महिन्याला जे मिळतं त्याला कागदावर वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मानधन हे खरं तर पाहुण्याला द्यायचं. आज दहा मिनिटं बोलल्याबद्दल मला जे मिळणार आहे, ते मानधन. 2022 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे, त्या कायद्यापुरतं त्यांचं मानधन हे वेतनच आहे. पुतणीला मी ती बातमी वाचून दाखवली होती.

मध्यंतरी तिनं बँकेत स्कूटीच्या कर्जाचा अर्ज नेला. अर्ध्या तासानं मला फोन. "काका, इथं मासिक वेतन असा रकाना आहे. काय लिहू?" म्हटलं, हातात येतो तो आकडा लिही. ती म्हणाली, "आकडा लिहिला हो. मॅडम म्हणतायत, पगारपत्रक आणा."