मँगॅनीज आणि तांबे : एका नात्याचा शोध

(व्हाइटफील्ड, बेंगळुरू येथे माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



व्हाइटफील्डच्या संगणक-उद्योगात काम करणाऱ्यांचा चुंबकरोधाशी नित्य संबंध येतो; त्याचे नाव मात्र क्वचितच कानी पडते. चुंबकीय क्षेत्रात पदार्थाचा विद्युतरोध बदलणे म्हणजे चुंबकरोध. हार्ड डिस्कवरील माहिती याच गुणधर्माच्या आधारे वाचली जाते. येथील रुग्णालयांतील एम.आर.आय. यंत्रे अतिसंवाहक तारांच्या वेटोळ्यांवर चालतात. अतिसंवाहकाचा विद्युतरोध ठरावीक तापमानाखाली पूर्णपणे नाहीसा होतो. हे दोन गुणधर्म वरवर पाहता परस्परांशी असंबद्ध आहेत. मँगॅनीज आणि तांबे यांच्या ऑक्साइडांत मात्र त्यांचे अनपेक्षित नाते आढळले.

प्रथम मँगॅनीजचा विचार करू. लँथॅनम, मँगॅनीज व ऑक्सिजन यांचे संयुग मुळात विद्युतरोधक असते. काही लँथॅनमच्या जागी कॅल्शियम किंवा स्ट्रॉन्शियम घातले, की योग्य प्रमाणात ते लोहचुंबक होते आणि धातूप्रमाणे वीज वाहू देते. योंकर व व्हान सांटेन यांनी हे १९५० साली नेदरलँड्समध्ये दाखवले. १९५१ मध्ये झेनर यांनी त्याचे कारण मांडले. दिंडीत सर्वांची पावले मृदंगाच्या एकाच ठेक्यावर पडत असली, तर माणूस सहज पुढे सरकतो; ठेका चुकला, की अडतो. शेजारच्या मँगॅनीज अणूंचे चुंबकत्व एकाच दिशेने असले, तर इलेक्ट्रॉनही असाच सहज उडी घेतो. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावणे म्हणजे जणू ठेका धरून देणे. १९९४ मध्ये जिन व सहकाऱ्यांनी अशा एका पातळ पटलाचा रोध प्रबळ क्षेत्रात हजारपटीहून अधिक घटल्याचे नोंदवले. एवढे प्रबळ क्षेत्र आणि थंडी लागत असल्याने हार्ड डिस्कमध्ये मात्र ही संयुगे नव्हे, तर धातूंचे पातळ थर वापरले गेले.

तांब्याच्या ऑक्साइडांची कृती विलक्षण सारखी आहे. तेथेही मूळ संयुग विद्युतरोधक, आणि तेथेही लँथॅनमच्या जागी दुसरे मूलद्रव्य घालायचे. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बेडनॉर्झ व म्यूलर यांनी बेरियम घातलेल्या अशा संयुगात अतिसंवाहकता शोधली. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. काही अणूंभोवतीची ऑक्सिजनची मांडणी इलेक्ट्रॉनमुळे वाकते. म्यूलर यांना या शोधाची दिशा त्या विचारातून मिळाली होती. मँगॅनीजच्या संयुगांत हाच परिणाम ठळक असतो.

या संशोधनात बेंगळुरूचा वाटा मोठा आहे. भारतीय विज्ञान संस्थेत आणि जक्कूर येथील जवाहरलाल नेहरू केंद्रात सी. एन. आर. राव यांनी या दोन्ही ऑक्साइडांवर दीर्घकाळ काम केले. २००४ मध्ये टी. व्ही. रामकृष्णन, एच. आर. कृष्णमूर्ती व सहकाऱ्यांनी मँगॅनीजच्या संयुगांसाठी एक सिद्धांत मांडला. त्यानुसार बहुतेक इलेक्ट्रॉन भोवतालची जाळी वाकवून जागीच अडकतात, आणि थोडेच मोकळे फिरतात.

पुढच्याच वर्षी नाते उघड झाले. स्फटिकावर प्रकाश टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा व दिशा मोजली, की आतल्या इलेक्ट्रॉनांचा नकाशा तयार होतो. शाळेत शिकवला जाणारा प्रकाशविद्युत परिणामच तो. २००५ मध्ये मॅनेला व सहकाऱ्यांनी मँगॅनीजच्या थरयुक्त स्फटिकाचा असा नकाशा ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध केला. एखाद्या चौकोनी शेताच्या बांधांवरच्या वाटा जवळजवळ बुजाव्यात आणि कर्णाची पायवाट तेवढी मोकळी राहावी, तसा तो होता. मँगॅनीज-ऑक्सिजन बंधांच्या दिशेने इलेक्ट्रॉन जवळजवळ नाहीसे झालेले, तर कर्णाच्या दिशेने ते मोकळे होते. तांब्याच्या अतिसंवाहकांत हेच चित्र पूर्वी दिसले होते, आणि अतिसंवाहकतेची ती खास खूण असावी, असे अनेकांना वाटत होते.

मँगॅनीजचे हे संयुग तर अतिसंवाहक नाही! मग ती खूण अतिसंवाहकतेची कशी म्हणावी? कपाळावरचे गंध पाहून माणसाचे गाव ठरवता येत नाही, तसेच हे झाले. पुढे इतर गटांच्या मोजमापांवरून या निष्कर्षाबद्दल मतभेदही झाले; विज्ञानात ते इष्टच आहे.

यात प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. एम.आर.आय. यंत्रांतील तारा द्रवरूप हेलियमने सुमारे उणे २६९ अंश सेल्सियसपर्यंत थंड ठेवाव्या लागतात आणि हेलियम दुर्मिळ व महाग आहे. कमी थंडीत चालणारे चांगले अतिसंवाहक घडवायचे, तर त्यांची खरी खूण ओळखावी लागेल. भंडारा जिल्ह्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे ज्याच्या खाणी आहेत, त्या मँगॅनीजने निदान एका चुकीच्या खुणेबद्दल सावध केले आहे. तांब्याच्या ऑक्साइडांतील अतिसंवाहकतेचे सर्वमान्य स्पष्टीकरण मात्र चार दशकांच्या उंबरठ्यावरही हाती आलेले नाही. या शाळेच्या वर्गांत आज प्रकाशविद्युत परिणाम मराठीतून समजून घेणाऱ्या मुलामुलींसाठी ते काम शिल्लक आहे.