भांडण न झालेली कादंबरी



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर चढला म्हणजे तो किमान वेतनावर नाही तर संत्र्याच्या पडलेल्या भावावर बोलणार, अशी श्रोत्यांची तयारी असते. आज आम्ही प्रेमाच्या कादंबरीवर बोलणार आहोत. चिटणिसांना हा विषय कळवला तेव्हा ते थोडे हसले. हसणे साहजिक आहे. पण आमचे शाळेतले शिक्षण सातवीत थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या कपाटापुढे उभे राहून झाले, आणि त्या कपाटात कायद्याच्या पुस्तकांपेक्षा कादंबऱ्या पुष्कळ जास्त होत्या.

विषय निवडण्याचे कारण याहून जवळचे आहे. आपल्या शेंदूरजनाघाटात मोसम आला की माल निवडायला, क्रेट भरायला, रोपवाटिकांत कलमे बांधायला तरुण मुले-मुली एकत्र काम करतात. दिवसभर शेजारी बसतात, बोलतात, मुकादमापुढे एकमेकांची बाजू घेतात. त्यातून मैत्री होते. या मैत्रीला आपल्या गावात चांगले नाव नाही. दोघे चहाच्या टपरीवर उभे दिसले की गाव त्यांना एक नाव देऊन मोकळे होते. मग मैत्री कशी करावी, तिचे प्रेम झाले तर मैत्रीचे काय करावे, हे या पोरांनी पाहावे कुठे? घरी बोलायची सोय नाही, शाळेत कोणी शिकवत नाही. उरते कादंबरी. म्हणून अशी कादंबरी अपुरी पडली तर आम्हांला ती निव्वळ वाङ्मयातली उणीव वाटत नाही.

वि. स. खांडेकरांची ‘अमृतवेल’ घ्या. 1967 साली निघालेली ही कादंबरी आजही वाचनालयात पडून राहत नाही. नंदाचा वाग्दत्त वर शेखर विमानाच्या अपघातात जातो. दुःखाने मोडलेली ही मुलगी आपली मैत्रीण वसुंधरा हिच्याकडे सोबतीला जाते. वसुंधरा आणि तिचा नवरा देवदत्त यांच्यात दुरावा आहे. नंदा आणि देवदत्त बोलू लागतात. दोघेही पोळलेले, दोघेही विचार करणारे. एकमेकांत ओढले जातात. नंदाला तिच्या वडिलांनी लिहिलेले पत्र तर लोकांना तोंडपाठ आहे, आणि त्या पत्राने किती मोडलेल्या माणसांना उभे केले असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. त्याबद्दल आम्ही खांडेकरांना मनापासून नमस्कार करतो.

पण आमच्या संघटनेतल्या एका मुलीने ही कादंबरी वाचून परत केली तेव्हा ती म्हणाली, “भाऊ, त्यायचं भांडन तं झालंच नाही कुठी!” आम्ही कादंबरी पुन्हा काढून वाचली. पोरीचे म्हणणे खरे निघाले. मने जुळतात, व्यथा कळतात, थोर विचार येतात. परंतु ‘तू म्हणतोस ते मला पटत नाही’ असे ठणकावून सांगणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र बसणे, हे त्या पानांत नाही. दोघांच्या तोंडून पुष्कळदा खांडेकरच बोलतात. शेवटी नंदा बाजूला होते आणि नवरा-बायकोला जवळ आणते. ते उदात्त आहे यात शंका नाही. पण वाचकाच्या मनात जो प्रश्न उभा राहिला होता, की एका बाईची आणि एका पुरुषाची मैत्री त्यांच्या ओढीसकट कशी सांभाळायची, त्याला त्यागाचे उत्तर मिळाले. प्रश्न होता तिथेच राहिला.

ना. सी. फडक्यांकडे हा दोष निराळ्या वाटेने येतो. फडके आम्ही रात्रपाळीत वाचले. पान उलटायला लावण्यात त्यांचा हात धरणारा विरळा. 1931 साली ‘प्रतिभासाधन’ लिहून त्यांनी आपले तंत्रही उघडे करून ठेवले. गाठ घालावी, आवळावी, मग सोडवावी. प्रेमाच्या कथेला हे तंत्र छान बसते. मैत्रीला ते बसत नाही, कारण मैत्रीत एक मोठी गाठ नसते. तीत रोजच्या शंभर लहान गाठी असतात आणि त्यांतल्या काही कधीच सुटत नाहीत.

वाचकाने ताडून पाहावे अशी एक लहानशी गोष्ट सांगतो. नायक-नायिका एकमेकांना काय म्हणतात ते पाहा. कॉलेजात, कचेरीत ती दोघे बरोबरीने बोलतात. दोघेही ‘तुम्ही’ म्हणतील, किंवा दोघेही ‘तू’ म्हणतील. प्रेम झाले, लग्न ठरले, की तो ‘तू’वर राहतो आणि ती ‘अहो’ करू लागते. लेखकाला वाटते, केवढी गोड लाज! आम्हांला वाटते, एक सभासद कमी झाला. पन्नास पाने ती त्याला त्याच्या चुका दाखवत होती. आता ती त्याच्यासाठी चहा आणते. अलीकडच्या पुण्या-मुंबईच्या कादंबऱ्यांत ‘अहो’ गेले आहे आणि चहा दोघे मिळून करतात. पण तिथेही होकार मिळाला की बोलणे आटते आणि पुस्तक मिटते. मालकाशी करार झाल्याची बातमी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते, आणि वाचकाला वाटते लढा संपला. करार पाळून घेण्याचे काम त्या दिवसापासून सुरू होते, हे करार करणाऱ्यालाच ठाऊक असते.

आपल्या गावात हे समजायला फार शिक्षण लागत नाही. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. डोळा फुटला की खुंटाचा शेंडा छाटतात, पण छाटतात तो डोळ्याच्या वर. आमचे कादंबरीकार डोळा फुटल्याच्या आनंदात खुंट खालीच छाटून टाकतात आणि मग संत्री का लागली नाहीत म्हणून वाचक हळहळतो.

कोणी विचारील, मैत्रीवर वाढलेले प्रेम मराठीत लिहिलेलेच नाही काय? लिहिलेले आहे, आणि ते आपल्याच वऱ्हाडातल्या दोघांनी लिहिलेले आहे. मात्र ती कादंबरी नाही. कुसुम जयवंत 1904 साली अमरावतीत जन्मल्या. आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे कवी अनिल, 1901 साली मूर्तिजापुरात. शिकण्याच्या वयात ओळख झाली आणि 1922 पासून पत्रे सुरू झाली. ओळख, मैत्री, प्रेम या पायऱ्या त्या पत्रांत दिसतात, आणि मुख्य म्हणजे वरच्या पायरीवर गेल्यावर खालची कोणी काढून घेत नाही. कुसुमताई पुढे इंग्लंडला गेल्या, लंडन विद्यापीठाची पदवी घेऊन 1929 साली परतल्या, आणि त्याच वर्षी दोघांचे लग्न झाले. पहिल्या पत्रापासून सात वर्षे! फडक्यांच्या नायकाला इतका धीर धरवला नसता.

लग्नानंतर कुसुमावतींचे तोंड मिटले नाही. 1931 पासून त्यांनी नागपुरात इंग्रजी शिकवले, कथा लिहिल्या, आणि ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ हा मराठी कादंबरीची परखड झडती घेणारा ग्रंथ लिहिला. अनिल 1958 साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 1961 साली ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या अध्यक्ष कुसुमावती झाल्या, आणि त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षी त्या गेल्या. अनिलांनी ती पत्रे 1972 साली ‘कुसुमानिल’ या नावाने छापली. नावात दोघेही आहेत, आणि पहिले नाव तिचे आहे.

शिकलेल्या, सुखवस्तू घरांना हे परवडते, असे आमचे काही सोबती म्हणतील. त्यांच्यासाठी चळवळीतले उदाहरण देतो. गोदावरी गोखले या भारत सेवक समाजाच्या पहिल्या आजीव महिला सदस्य. शामराव परुळेकरही त्याच समाजाचे. आधी दोघे एका कामातले सहकारी. लग्न 1939 साली. पुढे दोघेही तुरुंगात गेले, आणि 1945 पासून ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्धच्या लढ्यात दोघेही होते. 1965 साली शामराव गेले. 1970 साली गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ निघाले. त्यात प्रेमकथा शोधायला जाल तर हात हलवीत परत याल. ते पुस्तक वारल्यांचे आहे. पण दोघे जण एकच काम कसे वाटून घेतात, हे आम्हांला त्या पुस्तकाने जितके दाखवले तितके एकाही प्रेमाच्या कादंबरीने दाखवले नाही.

कादंबरीकाराला पत्रांची आणि आठवणींची बरोबरी करायला लावणे अन्याय आहे, असा आक्षेप येईल. आम्हांला तो मान्य नाही. कादंबरीकाराच्या हाती तर अधिक आहे. लग्नानंतरचा दहाव्या वर्षाचा एखादा मंगळवार तो हवा तेव्हा उघडून दाखवू शकतो. पगार झालेला नाही, मुलाला ताप आहे, तिला सभेला जायचे आहे आणि त्यालाही. कोण जाणार? पूर्वीच्या दोन मित्रांनी हा प्रश्न कसा सोडवला असता, आणि आताचे नवरा-बायको कसा सोडवतात? या एका संध्याकाळीवर तीनशे पाने होतील. ती कोणी लिहिली, तर आमच्या त्या मुलीच्या हाती ती आम्ही स्वतः नेऊन देऊ. तोवर ‘कुसुमानिल’ची एक प्रत मागवावी, असा अर्ज वाचनालयाकडे आमच्या एकवीस सभासदांच्या सह्यांनी गेला आहे.