तिघांची एक शर्यत

मी खेळाडू नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों. शाळेंत असतांना धावण्याच्या शर्यतींत माझा क्रमांक लिहून घेण्यासाठीं पंचांना अंमळ थांबावें लागे. पोहावयास मात्र मी लहानपणींच शिकलों. तेंही सातारा जिल्ह्यांतील आमच्या गांवच्या विहिरींत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. पुढें नोकरीनिमित्त जर्मनींतील हॅम्बुर्ग शहरीं चार वर्षें राहण्याचा योग आला, आणि विहिरींतलें तें शिक्षण तेथें अशा रीतीनें उपयोगी पडलें कीं, ती हकीकत आज आपणांस सांगावीशी वाटते.

हॅम्बुर्गचे लोक मोठे सभ्य. जिन्यांत भेटले कीं नमस्कार करतात, दार उघडून धरतात, आणि मग आपल्या घरांत शिरून तें लावून घेतात. पहिलीं दोन वर्षें मीं या सभ्यतेंत काढलीं. कचेरींतून यावयास मला उशीर झाला काय, किंवा मी आलोंच नाहीं काय, कोणाचें कांहीं अडत नव्हतें. परदेशांतील एकटेपणा म्हणतात तो हाच. प्रथम तो हलका वाटतो. जड होतो तो मागाहून.

एके दिवशीं खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांनीं माझ्या हातांतील ओला टॉवेल पाहून विचारलें, "आपण पोहतां काय?" गृहस्थ साठी उलटलेले. पत्नी निवर्तल्यापासून त्यांची सायकल तळघरांत पडून होती. ती त्यांना पुन्हां बाहेर काढावयाची होती, आणि त्यासाठीं त्यांना तिघांचें एक पथक हवें होतें. धावावयास माझ्या कचेरींतील एक पोलिश बाई तयार झाल्या, आणि पाहतां पाहतां माझें नांव ट्रायथ्लॉनच्या यादींत गेलें.

पोहणें, सायकल चालविणें आणि धावणें, तिन्ही एकापाठोपाठ एक, मध्यें विश्रांति नाहीं, असा हा खेळ. आजच्या स्वरूपाची, या नांवाची पहिली शर्यत १९७४ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील सॅन दिएगो येथें झाली. २००० सालीं सिडनी येथें ऑलिंपिक सामन्यांत या खेळाला स्थान मिळालें. तेथील अंतरें अशीं: १५०० मीटर पोहणें, ४० किलोमीटर सायकल व १० किलोमीटर धावणें. २०२१ सालीं टोकियो येथें संघाची शर्यतही आली. तींत दोन पुरुष व दोन स्त्रिया असतात, आणि प्रत्येकाला तिन्ही प्रकार थोडे थोडे करावे लागतात. आम्हां हौशी मंडळींसाठीं वांटणी सोपी: एकानें पोहावें, दुसऱ्यानें सायकल चालवावी, तिसऱ्यानें धावावें. पोहणाऱ्याच्या घोट्याला वेळ मोजणारी एक पट्टी बांधलेली असते; ती सोडून पुढच्याच्या घोट्याला बांधावयाची.

जुलै महिन्यांतील एका सकाळीं मी आल्स्टर सरोवरांत उतरलों. शहराच्या मध्यावरील हें सरोवर मुळांत नदीच. मध्ययुगांत गिरणीसाठीं बांध घातला आणि तिचें तळें झालें. पाणी काळपट नि गार. अंगांत रबराचा घट्ट पोशाख, भोंवतीं असंख्य हातपाय. तीनेकशें मीटर गेलों असेन नसेन, तोंच कोणाचें तरी कोपर माझ्या चष्म्यावर बसलें. चष्म्यांत पाणी शिरलें, छाती आवळली, आणि श्वास म्हणून जो घेतला तो घोटभर पाण्याचाच. विहिरीचा कांठ चार हातांवर असतो. येथें कांठ दिसत होता, पण हाताला लागण्यासारखा नव्हता. हात वर केला कीं मदत येते, हें मला ठाऊक होतें. हात अर्धा वर झालाही.

मी एकटाच शर्यतींत असतों, तर त्या क्षणीं बाहेर आलों असतों, घरीं गेलों असतों, आणि कोणाला कळलेंही नसतें. पण घोट्यावर पट्टी होती. ती पोहोंचली नाहीं, तर शेजाऱ्यांना सायकलीवर बसतांच येणार नव्हतें. चार महिने पहाटे उठून केलेली त्यांची तयारी तेथेंच संपणार होती, आणि त्यांच्यामागें उभ्या असलेल्या बाईंचीही.

जवळच बचावाची फळी घेऊन एक मुलगी तरंगत होती. या खेळाचा एक नियम मला फार आवडतो. दमलेल्यानें फळी धरून विसावा घ्यावा, त्यास बंदी नाहीं. मात्र तिच्या आधारानें पुढें सरकतां येत नाहीं. मीं फळी धरली, चष्मा रिकामा केला, वीस श्वास मोजले. कोणत्या पद्धतीनें पोहावें यालाही बंधन नाहीं. तेव्हां नव्यानें शिकलेले हात सोडून दिले, आणि विहिरींतल्याप्रमाणें डोकें वर ठेवून, बेडकासारखे पाय मारीत निघालों. बहुतेक सारे पुढें निघून गेले. शेवटीं एका पुलाखालचा अंधार ओलांडून मी पाण्याबाहेर आलों.

सायकलींच्या रांगा जवळजवळ रिकाम्या झाल्या होत्या. त्यांत आमचे शेजारी शिरस्त्राण घालून उभे होते. गारठलेल्या बोटांनीं मला पट्टी सुटेना. तेव्हां ते खालीं वांकले, आपल्या हातांनीं त्यांनीं ती सोडली आणि स्वतःच्या पायाला बांधली. "ना आल्झो," एवढेंच म्हणाले. आपण "झालें कीं नाहीं!" म्हणतों ना, तसें. आणि गेले. मी ओल्या अंगानें तेथेंच उभा राहिलों. त्या शहरांत आल्यापासून कोणी माझी वाट पाहत उभें होतें, तें त्या दिवशीं प्रथमच.

बाईंनीं दहा किलोमीटर पुरे केले, आणि नगरभवनासमोरच्या चौकांतील शेवटचीं पावलें आम्ही तिघेही बरोबर धावलों.

रात्रीं वडिलांना दूरध्वनि केला. "कितवा आलास?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मीं क्रमांक सांगितला. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "आणि ते गृहस्थ तोंपर्यंत उभे होते?"

"उभे होते."

"मग त्यांना एकदां जेवावयास बोलाव."

मीं बोलावलें. त्यानंतर जिन्यांतला नमस्कार जरा लांबूं लागला. आणि कचेरींतून यावयास मला उशीर झाला, कीं माझ्या पावलांचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरील दार किंचित् उघडत असे.