पट्टी लिलावात लावा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापला आहे 'आपलं अन्न आणि सरकारी देखरेख'. शेती, कत्तलखाने, मासेमारी हे सगळं त्यात येतं. मी मुख्यतः मासळीवर बोलणार आहे, कारण देखरेख सगळ्यात पातळ आहे ती तिथे.

यांत्रिक नौका आणि छोटे मच्छीमार यांच्या वादावरची मजुमदार समिती, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या गोव्याच्या रापणकारांचा ट्रॉलरविरुद्धचा लढा, आपल्या महाराष्ट्राचा 1981चा सागरी मासेमारी नियमन कायदा, हा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. त्यात शिरत नाही. पुढे 2016मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले, 2017मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, 2021मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले, 2025च्या जानेवारीपासून किनाऱ्यावर ड्रोन फिरू लागले. हे सारे डोळे समुद्राकडे लागलेले आहेत. माझं कळकळीचं म्हणणं आहे की ते धक्क्याकडे वळवा.

मुंबईच्या देवनार कत्तलखान्यात बकरं कापण्याआधी पशुवैद्य ते तपासतो, कापल्यावर मांस तपासतो, मग शिक्का बसतो. पापलेटच्या वाट्याला काय येतं? 2023च्या सप्टेंबरमध्ये आपण त्याला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी 54 प्रजातींची किमान लांबी ठरवली. पापलेटची 135 मिलिमीटर. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी 150 मिलिमीटरची असते. म्हणजे तपासायला ती छोटी पट्टीसुद्धा पुरते! ती लावणारा माणूस मात्र लिलावात मला दिसलेला नाही.

आता हा जाळ्याचा तुकडा पाहा. पुढच्या रांगेतले दोघे जण वर या. धरा, आणि ओढा. जोरात! (हशा) बघा, शंकरपाळ्यासारखा हा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, ताण बसताच मिटला. ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत माल भरला की असंच होतं, आणि पिल्लांची वाट बंद होते. हा दुसरा तुकडा चौकोनी आसाचा, 40 मिलिमीटरचा. ओढा. उघडाच राहतो. शोध लागलेला आहे, नियमही आहे. मग तो पाळला का जात नाही?

पालघरकडच्या एका बंदरात मी पहाटे लिलावाला उभा होतो. क्रेटमध्ये वर मोठे मासे आणि तळाला तळहाताएवढी पापलेटची पिल्लं. नाव चालवणाऱ्या एका तांडेलांना विचारलं, "ही का आणता?" ते म्हणाले, "साहेब, डोल ही पिशवीची जाळी, भरतीच्या धारेवर लावलेली असते. पिल्लं खोल्यात, म्हणजे तिच्या टोकाच्या पिशवीत जातात, वर येईपर्यंत मरतात. मेलेलं पाण्यात टाकून काय करू?" मी म्हटलं, मग आस मोठा करा. त्यांनी लिलावाकडे बोट दाखवलं. "मी मोठा केला तर ती शेजारच्याच्या डोलीत जातील, आणि इथे बोली लागणारच आहे." बाजूची मासळीवाली मावशी म्हणाली, "घेणारा आहे म्हणून येतं रे बाबा." तेवढ्यात त्या पिल्लांची बोली लागली, बर्फ पडला आणि टेम्पो भरला. कुणीही लपवाछपवी केली नाही. लपवायची गरजच नव्हती.

तिसऱ्या रांगेतून विचारणा झाली आहे की गरीब कोळ्याच्या पोटावर पाय का? (टाळ्या) टाळ्या जरूर वाजवा, पण माझं ऐका. आज दंडाची भीती मुख्यतः नाववाल्याला आहे. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, सगळा खर्च त्याचा. पिल्लांवर बोली लावणाऱ्या व्यापाऱ्याला, ती दळून खाद्य बनवणाऱ्या कारखान्याला कुणी अडवताना मला दिसलेलं नाही. बोलीच थांबली तर शेजारच्या डोलीची भीती संपेल आणि आस मोठा करणाऱ्याचं नुकसान होणार नाही. मी कोळ्याच्याच बाजूने बोलतो आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली. मासळीच्या खाद्य-कारखान्यांबद्दल बरंच सांगायचं होतं, ते राहू द्या. पावसाळी मासेमारी बंदीमुळे 1 जूनपासून दोन महिने नौका किनाऱ्याला लागतील. मत्स्यव्यवसाय विभागाला मागणी करू या की 1 ऑगस्टनंतर प्रत्येक मोठ्या बंदराच्या लिलावात त्यांचा एक माणूस पट्टी घेऊन उभा असावा, आणि पिल्लांची बोली जागेवर रद्द व्हावी. मागणीचं पत्र बाहेर टेबलावर ठेवलं आहे. जाताना सही करा, आणि बाजारात तळहाताएवढं पापलेट दिसलं तर घेऊ नका.