एवढ्या वयात व्हायोलिन?

(वर्धा येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



दोन दिवस आपण मारहाण, पोटगी आणि दारूबंदीवर बोललो. आज मी व्हायोलिनवर बोलणार आहे. विषय फार बदललेला नाही.

मध्यमवर्गीय घरांत मुलीला हौसेने गाणे-वाजवणे शिकवतात. स्थळाला माहिती देताना ते सांगताही येते. लग्न झाले की वाद्य माळ्यावर जाते. बंदी कुणी घालत नाही, वेळच उरत नाही. मी अकराव्या वर्षापासून आठ वर्षे व्हायोलिन शिकले. एम.एस.डब्ल्यू., नोकरी, लग्न, मूल यांत ते सुटले. छत्तिसाव्या वर्षी पुन्हा क्लासला जाऊ लागले. शेजारी बसणारी दहा वर्षांची मुले माझ्यापेक्षा सुरात वाजवतात.

व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात, पेटीसारख्या पट्ट्या नसतात. बोट केसभर सरकले तरी सूर ढळतो. जागा कानानेच शोधायची. गज वाकडा गेला की करकर होते आणि ती साऱ्या घराला ऐकू जाते. शिवण-टिपण बाई मुकाट्याने शिकते; व्हायोलिन लपून शिकता येत नाही. चुकत चुकत शिकण्याचा आवाज घरात करायची मुभा आपल्यापैकी किती जणींना आहे?

मोठ्या वयात बोटे आखडतात, पण काय चुकले ते कानाला कळते. पहिले कित्येक आठवडे मी नुसते सा आणि प लांब गजाने वाजवले. रविवारच्या दोन तासांपेक्षा रोजची वीस मिनिटे जास्त कामी येतात.

ती आणायची कुठून? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषांची ८८. माझी वीस मिनिटे या फरकातूनच आली. संध्याकाळचा कुकर आता नवरा लावतो. त्यासाठी तीन महिने वाद घालावा लागला. सासूबाई म्हणाल्या, "या वयात कशाला?" पुढे कधीतरी त्यांनीच सांगितले, लग्नाआधी त्या पेटी वाजवत.

डॉ. एन. राजम यांना वडिलांनी लहानपणीच व्हायोलिन शिकवले. त्यांची मुलगी संगीता शंकर वाजवते, नाती रागिणी आणि नंदिनीही वाजवतात. बाईचा रियाज हे काम आहे, असे घराने मानले की असे घडते.

हा पगारदार बाईचा छंद आहे, असे तुम्ही म्हणाल. खरेच, मला पगार आहे, स्वतंत्र खोली आहे. देवळी-सेलूकडे दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईकडे यातले काहीच नाही. पण १९३७ साली याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. तिच्यानंतर झाकिर हुसेन समितीने जो अभ्यासक्रम आखला, त्यात सूतकताईसारख्या हस्तोद्योगाबरोबर संगीतही होते. कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी ते चैनीचे मानले नव्हते. मग त्यांच्या आयांसाठी का मानावे?

गावोगावी भजनी मंडळे आहेत. बायका टाळ धरतात, पेटीवर बहुधा पुरुष बसतो. तेव्हा पुढच्या बचत गटाच्या बैठकीत प्रत्येकीला विचारा, लग्नानंतर तुझे काय शिकायचे राहिले? मंडळाची पेटी आठवड्यातून एक संध्याकाळ बायकांसाठी मागून घ्या. आणि त्या संध्याकाळी कुणाच्या घरी भाकरी कोण थापणार, तेही त्याच बैठकीत ठरवून उठा.